निळं बाळ, निळं रक्त आणि ४५चा आकडा

विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासायला दिलं, की काही दिवसांनी एक छापील कागद हातात पडतो. सामू, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड अशी नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे भारतीय मानकातली मर्यादा. बऱ्याच घटकांपुढे दोन आकडे असतात : एक चांगल्या पाण्याचा, आणि दुसरा जवळपास वेगळं पाणीच नसेल तर नाइलाजानं चालवून घ्यायचा. नायट्रेटपुढे मात्र एकच आकडा, ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर. तिथे सवलत नाही. हा आकडा मला कायम कोड्यात टाकायचा. ४० नाही, ५० नाही, ४५च का? कुणी ठरवला, आणि कशावरून?

त्याचा माग उलटा काढत गेलं, की आपण अमेरिकेच्या मधोमध आयोवा राज्यात जाऊन पोचतो. साधारण बत्तीस लाख माणसांचं हे राज्य. डुकरं माणसांच्या सातपट, आणि नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. आयोवा सिटी या गावात राज्याचं विद्यापीठ आहे, त्याचं रुग्णालय आहे. तिथले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. शेतावरच्या घरांतून आणलेल्या तान्ह्या बाळांची ती हकिगत होती. बाळाचे ओठ, मग नखं, मग सगळं अंग निळसर-राखाडी पडायचं. बाळ निळं पडलं की डॉक्टर आधी हृदयाकडे बघतात, मग फुप्फुसांकडे. इथे दोन्ही ठणठणीत. रक्त काढून पाहावं तर ते चॉकलेटसारखं तपकिरी. रुग्णालयात राहिलं की बाळ सुधारायचं, घरी नेलं की पुन्हा निळं पडायचं. म्हणजे दुखण्याचं मूळ घरी होतं. बाळाला वरचं दूध ज्या पाण्यात कालवून दिलं जाई, त्या विहिरीच्या पाण्यात.

पुढे जे घडतं ते मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थक्क होतो. शेणखत, रासायनिक खत, गोठ्याचं सांडपाणी, शोषखड्डा यांतला नायट्रोजन जमिनीत मुरताना नायट्रेट बनतो. ते पाण्यात पूर्ण विरघळतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाच्या पोटात त्याचं फारसं काही होत नाही. पण दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या जठरात आम्ल कमी असतं, त्यामुळे तिथे जिवाणू तग धरतात आणि नायट्रेटचं नायट्राइट करतात. हे नायट्राइट रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनमधल्या लोहाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतं. फक्त एक. लोह जागच्या जागी राहतं, तांबड्या पेशी तितक्याच राहतात, पण त्या लोहाला आता प्राणवायू धरता येत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात हरवलेला इलेक्ट्रॉन परत देणारं एक विकर असतं. बाळात ते अजून पुरतं तयार झालेलं नसतं. छाती भरून श्वास घेणारं मूल त्यामुळे आतल्या आत गुदमरतं.

यातली सगळ्यात दुखरी गोष्ट पाणी उकळण्याची आहे. जंतूंच्या भीतीनं जी आई पाणी वीस मिनिटं खळाखळा उकळायची, तिच्या बाळाला धोका जास्त. उकळल्यानं पाणी उडून जातं, नायट्रेट मागे राहतं, आणि उरलेलं पाणी अधिक दाट होतं. अंगावर पिणारी बाळं मात्र सुरक्षित राहायची, आई तेच पाणी पीत असली तरी. यावरचा उताराही विलक्षण आहे. मेथिलिन ब्लू नावाचं गडद निळं रंगद्रव्य थोड्या प्रमाणात शिरेतून दिलं, की लोहाला इलेक्ट्रॉन परत मिळतो आणि निळं मूल काही वेळात गुलाबी होतं.

कॉम्लींनी सुचवलं की तान्ह्या बाळाच्या दुधासाठी वापरायच्या पाण्यात नायट्रेटच्या रूपातला नायट्रोजन लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर नसावा, फार तर २०. मग इतर राज्यांतूनही अशा नोंदी येऊ लागल्या. १९५१ साली वॉल्टन नावाच्या संशोधकानं त्या एकत्र केल्या तेव्हा २७८ बाळांची नोंद निघाली. त्यांतली ३९ दगावली होती. आणि जिथे पाणी तपासलेलं होतं, त्यांत १०च्या खाली एकही नव्हतं. अमेरिकेची मर्यादा १०वर पक्की झाली ती यावरून. आता साधी त्रैराशिकाची मांडणी करू. नायट्रोजनचं वजन १४, आख्ख्या नायट्रेटचं ६२. १० मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे ४४.३ मिलिग्रॅम नायट्रेट. जवळचा सोयीचा आकडा ४५. मराठवाड्यातल्या एखाद्या विहिरीच्या अहवालावर छापलेली ती मर्यादा आयोवाच्या शेतघरांतल्या त्या बाळांपर्यंत अशी जाऊन पोचते. तो कागद मी आता पूर्वीसारखा नजरेआड करू शकत नाही.

कॉम्लींचा लेख एका डॉक्टरच्या चाणाक्षपणाची गोष्ट आहे. पण चाणाक्ष डॉक्टर बदलीवर जातो, निवृत्त होतो. विहिरी राहतात. गावाकडच्या हवा-पाण्याचा माणसावर काय परिणाम होतो हे बघायचं, तर एका माणसाच्या नोकरीपेक्षा जास्त काळ जागं राहणारं काहीतरी लागतं. आयोवा विद्यापीठानं १९५५ साली शेतीवैद्यक संस्था काढली. अमेरिकेतली आपल्या प्रकारची ती पहिली. तिथे माणसांच्या डॉक्टरांबरोबर पशुवैद्यही होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शेतकऱ्याची छाती भरून येते त्याचं कारण गोठ्यात सापडू शकतं, आणि गोठा पशुवैद्यालाच वाचता येतो. १९८७ साली आयोवाच्या विधिमंडळानं भूजल संरक्षणाचा कायदा केला आणि त्यातून प्रदूषणाचे आरोग्यावरचे परिणाम पाहणारं एक केंद्र विद्यापीठात आलं. १९९० साली केंद्र सरकारच्या पर्यावरणीय आरोग्य संस्थेच्या अनुदानातून पर्यावरणीय आरोग्य विज्ञान संशोधन केंद्र उभं राहिलं. ग्रामीण जीवन हाच त्याचा विषय.

असं केंद्र चालवायचं म्हणजे काय करायचं? आपल्या डोळ्यांपुढे पाटी लावलेली इमारत येते. प्रत्यक्षात इमारत हा त्यातला सगळ्यात दुय्यम भाग. केंद्राचे शास्त्रज्ञ आपापल्या विभागात असतात : कुणी फुप्फुसाचा डॉक्टर, कुणी अभियंता, कुणी भूजलाचा अभ्यासक, कुणी संख्याशास्त्रज्ञ. केंद्र त्यांना तीन-चार गोष्टी पुरवतं. एकट्याला परवडणार नाहीत अशी यंत्रं आणि ती चालवणारे जाणते तंत्रज्ञ. आकडेमोडीत मदत. गावोगावच्या लोकांशी बोलणारी माणसं. आणि बियाण्याचा पैसा, म्हणजे एखाद्या तरुण संशोधकाच्या डोक्यात आलेली, अजून सिद्ध न झालेली कल्पना पेरून बघायला लहानशी रक्कम. मोठं अनुदान अशा कल्पनेला कुणी देत नाही, कारण पुरावा नसतो. आणि पुरावा गोळा करायला पैसा नसतो. हा तिढा सोडवणं हे केंद्राचं मोठं काम. केंद्राचं स्वतःचं अनुदान ठरावीक मुदतीचं असतं. मुदत संपत आली की पुन्हा अर्ज, पुन्हा बाहेरच्या तज्ज्ञांपुढे परीक्षा. तीस-चाळीस वर्षं चालणारा प्रश्न असा मुदतीमुदतीनं पुढे न्यायचा असतो.

प्रश्न खरंच तितके लांब असतात. विहिरींचंच बघा. १९८८-८९ साली आयोवाभरच्या ग्रामीण खासगी विहिरींतून नमुने घेतले, तेव्हा सुमारे १८ टक्के विहिरी १०च्या वर निघाल्या. मर्यादा ठरून कित्येक वर्षं झाली होती, तरी. कारण मातीतच आहे. नायट्रेटवर ऋण विद्युतभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. त्यात आयोवाची बरीच शेतजमीन मुळात पाणथळ. ती कोरडी करायला शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेताखाली सच्छिद्र नळ पुरले. पावसाचं पाणी खतासकट त्या नळांतून थेट ओढ्यात जातं, ओढ्यातून नदीत. राजधानी दे मॉइनला नदीच्या पाण्यातून नायट्रेट काढायला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकल्प उभारावा लागला, आणि तो जगातल्या मोठ्यांपैकी एक आहे. तरीही जून २०२५मध्ये तिथल्या लोकांना हिरवळीला पाणी घालायला बंदी झाली, कारण इतकं पाणी शुद्ध करणं यंत्रणेला झेपेना.

आणि मधल्या काळात प्रश्नही मोठा झाला. १०ची रेघ ओढली होती ती तान्ह्या बाळासाठी. तेच पाणी मोठ्या माणसानं चाळीस वर्षं प्यायलं तर? आयोवातल्या सुमारे २२ हजार वयस्क स्त्रियांचा माग घेणारा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांच्या नळाच्या पाण्यात नायट्रेट जास्त होतं, पण तरीही मर्यादेच्या आत होतं, तिथे मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण अधिक दिसलं. २०१८ साली डेन्मार्कमध्ये २७ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. तिथे आतड्याच्या कर्करोगाचा धोका लिटरला सुमारे ४ मिलिग्रॅम नायट्रेटपासूनच वाढताना दिसला. ४५ आणि ४! असे अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाहीत, आणि ते करतात असा आव केंद्रातली माणसंही आणत नाहीत. पण अहवालावरच्या ४५कडे बघताना हे दुसरं टोकही मनात ठेवावं असं मला वाटतं.

पाणी सोडून आता हवेकडे येऊ. शहरातून गावी गेलो की आपण गाडीतून उतरून पहिला दीर्घ श्वास घेतो. आयोवातल्या डुक्करपालनाच्या शेडमध्ये तसा श्वास घेऊन चालत नाही. हजारो जनावरं एका छताखाली असतात. खाली झिरपट फरशी आणि तिच्याखाली मैल्याचा खोल हौद. हौद रिकामा करताना ढवळला, की हायड्रोजन सल्फाइड एकदम उसळतं. थोडं असताना सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढलं की हा वायू आपली घ्राणशक्तीच बधिर करतो. वास यायचा थांबतो, आणि माणसाला वाटतं आता हवा मोकळी झाली. त्याच क्षणी तो कोसळू शकतो. त्याला काढायला उतरलेला दुसरा, मग तिसरा. आपल्याकडे मैलाटाकीत एकामागून एक उतरून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्यांत बहुतेकदा हेच घडलेलं असतं. केली डॉनहॅम या आयोवातल्या पशुवैद्यानं १९७०च्या दशकापासून या शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या छातीचा अभ्यास केला. जनावराला काय होतं हे शिकलेला माणूस जनावर सांभाळणाऱ्याकडे वळला.

१९९०च्या केंद्राचे संस्थापक संचालक जेम्स मर्चंट तर त्याआधी कापसाकडे बघत होते. नॉर्थ कॅरोलायनाच्या सूतगिरण्यांत त्यांनी कामगारांच्या छातीच्या आजारावर काम केलं होतं. इथे गिरणगावाची आठवण येणं अपरिहार्य आहे. कापूस पिंजण्या-विंचरण्याच्या खात्यात काम करणाऱ्याची छाती रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी आवळून यायची. आठवडाभर थोडी सैल व्हायची, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. याला बिसिनोसिस म्हणतात, आणि मुंबईच्या गिरण्यांतल्या या आजारावर केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामतांनी मोठा अभ्यास केला. कापसाची गिरणी आणि डुकरांची शेड यांत साम्य काय? धुळीवर बसलेले जिवाणू. काही जिवाणूंच्या बाहेरच्या कवचात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. जिवाणू मेला तरी कवच उरतं. ते श्वासातून आत गेलं की आपल्या पेशींना वाटतं शत्रू आला, आणि फुप्फुसात लढाई पेटते. मेलेल्याशी चाललेली लढाई. परळच्या खात्यात आणि आयोवाच्या शेडमध्ये संशयाची सुई याच पदार्थाकडे वळते.

आता हे एंडोटॉक्सिन मोजायचं कसं? त्याचं प्रमाण असतं ग्रॅमचा अब्जावा भाग, कधी त्याहूनही कमी. उत्तर समुद्रात मिळालं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं कवच असलेला, डायनासोरांच्याही आधीपासून तगून असलेला एक जीव आहे. त्याला इंग्रजीतल्या नावावरून हॉर्सशू क्रॅब म्हणतात, पण तो खेकड्यापेक्षा विंचू-कोळ्यांच्या जवळचा. भारतात तो ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो. त्याचं रक्त निळं असतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं आहे. फ्रेडरिक बँग या शास्त्रज्ञानं १९५६ साली दाखवलं की जिवाणूंचा संसर्ग होताच हे रक्त गोठतं. नंतर कळलं की त्यामागे एंडोटॉक्सिन आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी चिखलातल्या जिवाणूंपासून वाचायला त्या प्राण्यानं कमावलेली ही युक्ती. त्याच्या रक्तपेशींचा अर्क आज चाचणीत वापरतात. शेडमध्ये कामगाराच्या कॉलरला अडकवलेल्या चिमुकल्या पंपाच्या गाळणीवर जमलेली धूळ, पाण्यात धुवून, या अर्कात मिसळतात. अमेरिकेच्या भर मध्यात, समुद्रापासून दीडएक हजार किलोमीटर लांब असलेल्या मक्याच्या मुलखातली धूळ समुद्री जीवाच्या निळ्या रक्तानं तोलली जाते.

मोजता येऊ लागल्यावर एक विचित्र गोष्ट समोर आली. आयोवातल्या किओकक काउंटीत मर्चंट आणि सहकाऱ्यांनी १९९४ पासून सुमारे एक हजार घरांचा माग ठेवला. घरोघर जाऊन श्वास तपासले, धूळ गोळा केली. २००५ साली त्यांनी लिहिलं की डुकरं पाळणाऱ्या शेतांवरच्या मुलांपैकी ४४.१ टक्क्यांत दम्याशी संबंधित काही ना काही लक्षण आढळलं, आणि तेही या मुलांत ॲलर्जी कमी असूनसुद्धा. इथवर सरळ आहे : धूळ वाईट. पण २०१६ साली एक वेगळा अभ्यास आला, आणि त्यात आयोवाच्या प्रयोगशाळेतले संशोधकही सामील होते. इंडियानातले आमिश आणि साउथ डकोटातले हटराइट हे दोन्ही मध्य युरोपातून आलेले शेतकरी पंथ. वंश जवळचा, खाणंपिणं सारखं. आमिश जुन्या पद्धतीनं शेती करतात, घराला लागून गोठा, त्यात खेळणारी मुलं. हटराइटांची शेती मोठी आणि यांत्रिक, गोठे वस्तीपासून दूर. दम्याचं प्रमाण आमिश मुलांत सुमारे ५ टक्के, हटराइटांत सुमारे २१ टक्के. आणि आमिश घरांच्या धुळीत एंडोटॉक्सिन ६.८ पट जास्त! ती धूळ उंदरांना हुंगवली तर उंदरांनाही दम्यापासून संरक्षण मिळालं.

एकाच पदार्थाशी जोडलेल्या या दोन गोष्टी. किती, कोणत्या वयात, कशाबरोबर मिसळून आणि कुठल्या शरीरात, यावर सगळं फिरतं. आजी अंगणात शेणसडा घालायची ते आठवून कुणी लगेच विजयाचा निष्कर्ष काढू नये. गायींचा लहान गोठा आणि हजारो डुकरांची बंद शेड यांच्या धुळीत फक्त प्रमाणाचा फरक नाही, वायूंचा आहे, प्रतिजैविकांचा आहे, तासांचा आहे. पण गोठ्याजवळचं बालपण काहीतरी देऊन जातं, हे आता नुसतं गावाकडचं हळवेपण राहिलेलं नाही.

या केंद्राशी जोडलेल्या कामांपैकी मला सगळ्यात मोहून टाकणारं काम रेडॉनचं आहे. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू तयार होतो. आयोवाची माती हिमनद्यांनी दळून पसरलेली, आणि घरांना तळघरं. घरातल्या रेडॉनची सरासरी अमेरिकेत सगळ्यात जास्त तिथे. त्यानं फुप्फुसाचा कर्करोग होतो का, हे बघायला बिल फील्ड आणि सहकाऱ्यांनी निवडल्या त्या एकाच घरात किमान २० वर्षं राहिलेल्या स्त्रिया : ४१३ कर्करोग झालेल्या, ६१४ न झालेल्या. घराच्या प्रत्येक मजल्यावर वर्षभर मोजणी केली. कोण स्वयंपाकघरात किती वेळ, तळघरात कपडे धुवायला किती वेळ, बाहेर किती, याची पंधरा-वीस वर्षं मागची मांडणी केली. २००० साली निष्कर्ष आला. जास्त रेडॉनमध्ये राहिलेल्यांत धोका सुमारे ५० टक्क्यांनी अधिक. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवस इतक्या बारकाईनं मोजला गेला, याचंच मला अप्रूप वाटतं.

पण २० वर्षांपूर्वीच्या हवेत रेडॉन किती होता हे आज कसं कळणार? याच संशोधकांनी आयोवातल्या घरांत एक पद्धत पारखून पाहिली. रेडॉन फुटला की त्याचे वंशज अणू भिंतींवर, काचांवर बसतात. त्यांतले काही फुटताना बसणाऱ्या धक्क्यानं काचेच्या आत शिरून रुततात आणि शिसं-२१० बनून राहतात. त्याचा अर्धायुकाळ २२ वर्षांचा. म्हणजे भिंतीवर टांगलेल्या लग्नाच्या फोटोची काच त्या घरातल्या हवेचा जमाखर्च गुपचूप लिहीत असते. बाईनं घर बदललं तरी फोटो बरोबर येतो. काच पुसली तरी आत रुतलेले अणू जात नाहीत. काचेवर एक छोटी पट्टी काही दिवस चिकटवायची आणि जुनी वर्षं वाचायची.

फवारणीचा अभ्यास तर माणसांच्या संख्येनंच दडपून टाकतो. अमेरिकेतल्या दोन राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९३ ते १९९७ या काळात आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातले सुमारे ८९ हजार फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार नोंदवले. आयोवातलं काम विद्यापीठाकडे. नोंदणीची जागा हुशारीनं निवडली होती. तिथे घातक कीटकनाशकं वापरायला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी शेतकरी एका ठिकाणी जमतो. तिथेच त्याच्या हातात प्रश्नावली दिली : कोणतं औषध, किती वर्षं, हातमोजे घालता का, पंप स्वतः दुरुस्त करता का? मग दशकानुदशकं त्यांचा माग. २०११ साली याच माणसांच्या अभ्यासातून दिसलं की पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट होतं. आज फवारलं आणि वीस वर्षांनी हात थरथरू लागला, तर ते दोन प्रसंग जोडणारा कुणी लागतो. घरचे म्हणतात वय झालं. डॉक्टर पहिल्यांदाच भेटलेला असतो. जोडतं ते तेव्हाच लिहून ठेवलेलं उत्तर.

म्हणून केंद्राच्या कामाचा फार मोठा भाग राखणदारीचा असतो. उणे ८० अंशांच्या शीतकपाटांत रक्ताचे, धुळीचे नमुने वर्षानुवर्षं राहतात. वीज गेली तर जनित्र चालू व्हायला हवं, आणि ते चालू झालं का हे बघायला मध्यरात्री कुणीतरी उठायला हवं. आज मोजता न येणारं काही उद्या मोजता येईल, या भरवशावर हे सगळं ठेवलेलं असतं. त्याहून नाजूक जिन्नस म्हणजे लोकांचा विश्वास. ज्याच्या विहिरीत नायट्रेट निघालं त्याला ते सांगायचं, पण त्याचं नाव गावाला कळू द्यायचं नाही, नाहीतर पुढचा शेतकरी दार उघडणार नाही. ज्याच्या शेडची धूळ मोजायची, त्याची रोजीरोटी तीच शेड आहे. आणि हे विद्यापीठ ज्या राज्याच्या तिजोरीतून चालतं, त्या तिजोरीत भर घालणारा मोठा धंदाही तोच. २००२ साली राज्यपालांच्या विनंतीवरून आयोवा विद्यापीठ आणि शेतीसाठी नावाजलेलं आयोवा स्टेट विद्यापीठ या दोघांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या शेडच्या हवेवर संयुक्त अहवाल दिला. वैद्यकाची माणसं आणि शेतीची माणसं एकाच कागदावर आली, हे मला त्यातल्या शिफारशींइतकंच मोलाचं वाटतं.

आपल्याकडे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो रुग्णालयात होते. आलेल्या रुग्णानं कोणती दोन औषधं एका पंपात मिसळली होती, हे कित्येकदा त्याला स्वतःलाही सांगता येत नव्हतं, कारण पंप मजुराच्या पाठीवर आणि डबे मालकाच्या घरी. जे वाचले, त्यांचे हात, त्यांची झोप, त्यांचे डोळे आज कसे आहेत? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्याचं उत्तर द्यायला आयोवासारखीच वह्या जपणारी माणसं लागतील, तीही तिथेच, कपाशीच्या मुलखात. हे आपल्याला जमणार नाही असं मी मुळीच मानत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरनं वढू परिसरातल्या बावीस गावांत २००२ पासून घरोघरच्या जन्म-मृत्यूंची, येण्याजाण्याची नोंद ठेवली आहे. घराचं दार पुन्हा पुन्हा वाजवायची चिकाटी आपल्या मातीतही आहे.

आणि पाण्याकडे तर आता गावातल्या बायकाच बघू लागल्या आहेत. जलजीवन मोहिमेत त्यांना तपासणीची पेटी दिली जाते. विहिरीचं किंवा हातपंपाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, खुणेपर्यंत भरायचं, त्यात पूड टाकायची, हलवायचं, आणि काही मिनिटं थांबायचं. त्या पुडीत अशी रसायनं असतात जी नायट्रेटचं आधी नायट्राइट करतात, म्हणजे बाळाच्या पोटात जिवाणू करतात नेमकं तेच, आणि मग त्याच्याशी जुळून रंग धरतात. पाणी गुलाबी होऊ लागतं. नायट्रेट जितकं जास्त तितका रंग गडद. बाई नळी उजेडाकडे धरते, शेजारी रंगांच्या पट्ट्या छापलेला कागद धरते, आणि डोळे बारीक करून बघते, की आपल्या विहिरीचा गुलाबी ४५च्या अलीकडे बसतो की पलीकडे.